पीआयने डूख धरून एमपीडीएचा प्रस्ताव केला असेल तर हायकोर्टात काय मांडायचं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. जे समजलं ते आधी लिहितो, म्हणजे चुकीचं उत्तर जायला नको. तुमच्या धाकट्या भावाला पोलीस आयुक्तांच्या (सीपींच्या) ऑर्डरने एमपीडीएखाली, म्हणजे धोकादायक व्यक्तींना खटल्याशिवाय आत ठेवू देणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, स्थानबद्ध केलंय आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या जेलला पाठवलंय. त्याच्यावर मारामारी आणि धमकीचे चार गुन्हे आहेत, सगळ्यांत जामीन झालेला आहे, शिवाय दोन गोपनीय साक्षीदारांचे इन-कॅमेरा, म्हणजे नाव गुप्त ठेवून घेतलेले, जबाब लावलेत. ऑर्डरच्या साधारण तीन महिने आधी त्याने त्याच ठाण्याच्या पीआयविरुद्ध (पोलीस निरीक्षकाविरुद्ध) मारहाणीची लेखी तक्रार वरिष्ठांकडे दिली होती, आणि आता प्रस्ताव त्याच पीआयने पाठवलाय. तुम्ही विचारताय की अधिकारीच निष्पक्ष नव्हता एवढ्यावर ऑर्डर रद्द होते का, आणि सल्लागार मंडळाची, म्हणजे स्थानबद्धता योग्य आहे का हे तपासणाऱ्या मंडळाची, तारीख होईपर्यंत थांबायचं की आत्ताच हायकोर्टात जायचं.

मी बरीच वर्षं डिटेन्शनच्या, म्हणजे स्थानबद्धतेच्या, रिट याचिका चालवतोय. पहिल्या सुनावणीतच ऑर्डर उडाली अशा फाईली पाहिल्यात आणि अन्याय उघड दिसत असूनही कोर्टाने हात लावला नाही अशाही पाहिल्यात. त्यावरून सांगतो, खरी अडचण अशी आहे की पीआयने डूख धरला हे तुम्हाला घरात बसून स्वच्छ दिसतंय, पण ऑर्डरवर सही पीआयची नाही, सीपींची आहे. सीपींचं तुमच्या भावाशी काही वैर नाही, त्यांनी त्याला कधी पाहिलंही नसेल. मग पीआयच्या मनातला राग सीपींच्या सहीपर्यंत पोचला कसा, हे कोर्टाला कागदावरून दाखवावं लागतं, आणि सगळं काम याच एका जागी आहे.

बाकी बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही आधीच सांगतो. भावाच्या तक्रारीला इनवर्ड (आवक) नंबर मिळालाय की नाही, शेवटचा गुन्हा कधीचा, प्रस्ताव कधी निघाला, ऑर्डर कधीची, ग्राउंड्ससोबत, म्हणजे स्थानबद्धतेच्या लेखी कारणांसोबत, किती पानं दिली आणि ती वाचता येतात का, यातल्या एकेका गोष्टीने केस फिरते, त्यामुळे कागद न बघता कोणी शंभर टक्के सुटका सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

आता निष्पक्षपणाचा मुद्दा इथे वेगळा का आहे ते बघा. साध्या सरकारी निर्णयात नियम सरळ असतो, ज्याचा स्वतःचा हितसंबंध आहे त्याने निर्णयाला बसायचं नाही. १९६९ च्या क्रैपक प्रकरणात एका निवड मंडळावर स्वतः उमेदवार असलेलाच अधिकारी सदस्य म्हणून बसला होता, तर सुप्रीम कोर्टाने अख्खी निवडच रद्द केली, आणि तो खरंच पक्षपाताने वागला का हे सिद्ध करायला लावलं नाही, पक्षपाताची रास्त शक्यता पुरली. लोकांना वाटतं हाच नियम डिटेन्शनला जसाच्या तसा लावता येईल, पण तसं होत नाही. राज्यघटनेच्या कलम २२(३) ने प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला अटकेनंतरच्या नेहमीच्या हक्कांतून वगळलंय, म्हणजे चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं नाही, आवडीचा वकील नाही. ऑर्डरच्या आधी नोटीसही नाही, तडीपारीत निदान नोटीस येते आणि म्हणणं मांडता येतं, इथे तेही नाही. कायद्याने अधिकार दिलाय तो पोलीस आयुक्तांना किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे कलेक्टरना, आणि आयुक्त स्वतः पोलीसच असतात, तेव्हा पोलिसांनीच प्रस्ताव केला आणि पोलिसांनीच ऑर्डर काढली एवढं म्हणून काही हाती लागत नाही. कोर्ट विचारतं की सही करणाऱ्याचं समाधान खरं होतं का, त्याचं स्वतःचं होतं का, आणि योग्य कागदांवर झालेलं होतं का. १९७५ च्या खुदीराम दास निकालात हे नीट मांडलंय, समाधान अधिकाऱ्याच्या मनातलं असलं तरी दुष्ट हेतू, गैरलागू कारणं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेली सही, किंवा डोकं न लावता केलेली सही, यातलं काही असेल तर कोर्ट त्यात शिरतं.

यातला दुष्ट हेतूचा मुद्दा लोकांना सगळ्यात जवळचा वाटतो आणि सिद्ध करायला तोच सगळ्यात जड. १९७४ च्या रोयप्पा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की असा आरोप करणं सोपं असतं, सिद्ध करणं अवघड, आणि सिद्ध करायचा बोजा आरोप करणाऱ्यावर फार जड असतो. सरकारी वकील पहिल्यांदा हेच वाचून दाखवतात. बाकी मुद्द्यांवर उलटं आहे, तिथे इच्छू देवी चोरारिया या १९८० च्या निकालाप्रमाणे स्थानबद्धता कायदेशीर आहे हे दाखवायचा बोजा सरकारवर असतो. म्हणजे तुम्ही सगळी रिट पीआयच्या सूडावर उभी केलीत तर बोजा स्वतःहून आपल्या डोक्यावर घेताय, जो एरवी सरकारच्या डोक्यावर असता.

पण याचा अर्थ तो मुद्दा सोडून द्या असाही नाही. १९६६ चं जी. सदानंदन विरुद्ध केरळ राज्य हे प्रकरण तुमच्या वकिलांना नक्की वाचायला सांगा, मी दुष्ट हेतूच्या प्रत्येक केसमध्ये तिथूनच सुरुवात करतो. केरोसिनचा धंदा करणाऱ्या एका व्यापाऱ्याला भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं होतं, त्याचं म्हणणं असं की एका डीवायएसपीने (पोलीस उपअधीक्षकाने) आपल्या संबंधातल्या माणसांना घाऊक डीलरशिप मिळावी म्हणून खोटा अहवाल देऊन मला आत टाकलं, आणि डीलरशिप खरोखरच त्या माणसांकडे गेली होती. सरकारतर्फे गृहसचिवांचं ऍफिडेव्हिट आलं, पण ज्याच्यावर आरोप होता त्या अधिकाऱ्याचं आलंच नाही. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या पीठाने त्या गप्प बसण्यावर बोट ठेवलं आणि ऑर्डर दुष्ट हेतूची म्हणून रद्द केली. लक्षात घ्या, तिथेही सही त्या डीवायएसपीची नव्हती, सरकारची होती, तरी खालच्याने लावलेलं विष वरच्या सहीत उतरलं हे कोर्टाने मान्य केलं. तुमच्या भावाच्या बाबतीत अडचण नेमकी हीच आहे म्हणून हे प्रकरण इतकं जवळचं.

त्यातून दोन गोष्टी करायच्या. एक म्हणजे पीआयला रिटमध्ये नावाने प्रतिवादी करायचं, नुसतं 'वरिष्ठ पोलीस निरीक्षक, अमुक ठाणे' असं पद टाकून चालत नाही, व्यक्तीवर आरोप असेल तर तिला नावाने पार्टी करून उत्तर द्यायची संधी द्यावी लागते, नाहीतर कोर्ट तो मुद्दा ऐकतच नाही, असे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. पार्टी केल्यावर त्याला ऍफिडेव्हिट करावं लागतं, आणि केलं नाही तर सदानंदन आपल्या बाजूने उभं राहतं. दुसरी गोष्ट म्हणजे तारखांचा तक्ता. भावाने तक्रार दिली तो दिवस, तक्रारीची चौकशी पीआयकडे आली किंवा त्याचा जबाब मागवला तो दिवस, त्यानंतर भावावर नवीन एनसी (अदखलपात्र तक्रार) किंवा गुन्हा नोंदला गेला तो दिवस, इन-कॅमेरा जबाबांच्या तारखा, एसीपींच्या (सहायक पोलीस आयुक्तांच्या) पडताळणीची तारीख, प्रस्ताव निघाल्याची तारीख, ऑर्डरची तारीख. एका पानावर एकाखाली एक लिहा, विशेषणं अजिबात घालू नका. तक्रार होईपर्यंत दोन वर्षं चारही गुन्हे तसेच पडून होते आणि तक्रारीची चौकशी लागल्यावर पंधरवड्यात दोन गोपनीय साक्षीदार सापडले, असं त्या पानावर दिसलं तर वकिलाला फार बोलावं लागत नाही.

आता मला तुमच्या केसमध्ये सगळ्यात जास्त दम वाटतो तो मुद्दा. भावाने पीआयविरुद्ध दिलेली तक्रार सीपींसमोर ठेवली होती का? ग्राउंड्ससोबत जी जाड फाईल जेलमध्ये सही घेऊन दिली असेल, त्यात प्रत्येक कागदाची यादी असते, ती यादी ओळीओळीने तपासा. तक्रार त्यात नसेल, आणि मला वाटतं नसणारच, तर आपण असं म्हणतो की प्रस्ताव देणाऱ्याविरुद्ध याच माणसाची मारहाणीची तक्रार प्रलंबित आहे ही महत्त्वाची गोष्ट सही करणाऱ्यापासून लपवली गेली. सीपींना ते माहीत असतं तर त्यांनी पीआयच्या शब्दावर इतक्या सहज विश्वास ठेवला असता का, कदाचित दुसऱ्या अधिकाऱ्याकडून खातरजमा करून घेतली असती. आशादेवी विरुद्ध के. शिवराज या १९७९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की निर्णय इकडचा तिकडे करू शकेल अशी महत्त्वाची बाब स्थानबद्ध करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर ठेवली नाही तर त्याचं समाधानच दूषित होतं. यात फायदा असा की पीआयच्या मनात काय होतं हे सिद्ध करायची गरज उरत नाही, तक्रार होती, ती यादीत नाही, एवढं दाखवायचं. सूडाची गोष्ट तीच, पण बोजा आता तुमच्यावर राहत नाही. सरकार म्हणेल की ती तक्रार महत्त्वाची नव्हती, कुठलाही गुन्हेगार पोलिसांवर तक्रार करतोच, आणि हे म्हणणं काही वेळा चालतंही, म्हणून तक्रारीसोबत मेडिकल सर्टिफिकेट असेल, मॅजिस्ट्रेटसमोर रिमांडच्या वेळी मारहाण सांगितल्याची नोंद असेल, तर ते जोडा. तक्रारीची पोच हरवली असेल तर माहितीच्या अधिकारात इनवर्ड रजिस्टरचा उतारा मागवा, पण त्याच्यासाठी रिट थांबवू नका.

समजा तक्रार यादीत निघालीच, तर काय? तर मग ग्राउंड्स वाचा. तिचा उल्लेख आहे का, सीपींनी ती विचारात घेऊन काही लिहिलंय का. कागद फाईलला लावला पण त्यावर एक शब्द नाही, तर डोकं न लावल्याचा मुद्दा उभा राहतो, फक्त थोडा मऊ. उल्लेख करून कारण देऊन बाजूला ठेवली असेल तर हा मुद्दा जवळजवळ संपला असं धरा आणि पुढच्यांकडे वळा.

पुढचा मुद्दा इन-कॅमेरा जबाब. असे जबाब स्थानबद्धतेला आधार होऊ शकतात हे सुप्रीम कोर्टाने २००० साली मुंबईच्याच एका एमपीडीए प्रकरणात स्पष्ट केलंय, त्यामुळे साक्षीदारांची नावं दिली नाहीत म्हणून ऑर्डर रद्द करा असं म्हणण्यात वेळ घालवू नका, कलम २२(६) मध्ये ती सोय आहेच. बघायचं ते जबाबांच्या आतलं. माझ्याकडच्या एका फाईलीत साक्षीदार 'अ' भाजी विकणारा आणि 'ब' रिक्षा चालवणारा, दोघांचे प्रसंग वेगवेगळ्या महिन्यातले. पण दोघांनाही सायंकाळी साडेसातच्या सुमारासच अडवलेलं, दोघांच्याही खिशातून पाचशे रुपये काढलेले, दोन्हीकडे 'आजूबाजूचे लोक दुकाने बंद करून सैरावैरा पळू लागले', आणि दोन्ही जबाबांत दहशत हा शब्द 'दहशद' असा एकाच चुकीने लिहिलेला. खाली एसीपींचा शेरा, 'मी साक्षीदारास समक्ष भेटून खातरजमा केली, मजकूर खरा आहे', दोन्हींवर तीच तारीख आणि शब्द तेच. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवले की न्यायमूर्ती स्वतःच सरकारी वकिलांना प्रश्न विचारायला लागतात. तुमच्याकडे कॉपी असेल तर आज रात्री हेच करा, दोन्ही जबाब समोर ठेवा आणि सारख्या ओळी पेन्सिलने अधोरेखित करा. सोबत हे बघा की पडताळणीचा शेरा भावाला दिलेल्या कॉपीत आहे का, आणि जबाब खरे आहेत, भीती खरी आहे याबद्दल सीपींनी स्वतःचं समाधान ग्राउंड्समध्ये कुठे लिहिलंय का. मुंबई हायकोर्ट या दोन गोष्टींकडे बारकाईने बघतं.

जबाब साचेबद्ध निघाले तर त्याचा संबंध पीआयशी लावायला विसरू नका. साक्षीदार शोधले कोणी, जबाब लिहून घेतले कोणी? ज्याच्यावर तक्रार आहे त्यानेच स्वतःच्या हाताने हे केलं असेल तर तक्त्यातल्या तारखा आणि हे सारखे शब्द एकमेकांना आधार देतात.

मग येतो सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक वादावादी यावरच होते असं माझं निरीक्षण आहे. १९६६ च्या राम मनोहर लोहिया निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी तीन वर्तुळं सांगितली, सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षेचं. १९७० च्या अरुण घोष निकालात तेच पुढे नेऊन सांगितलं की कृत्य कुठलं यापेक्षा त्याने समाजाच्या रोजच्या जगण्यावर कितपत परिणाम झाला ते बघायचं. दोघांचं भांडण, उधारीवरून मारामारी, बिल्डिंगच्या पार्किंगवरून धमकी, हे गुन्हे असतील पण वर्तुळ पहिलं. एमपीडीए लागायला दुसरं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका हातभट्टीच्या प्रकरणात एमपीडीएची ऑर्डर रद्द केली, त्यात साक्षीदारांचे जबाब साचेबद्ध आणि मोघम असल्याचं म्हटलं आणि फार तर कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न होईल असं सांगितलं. तुमच्या भावाचे चार गुन्हे एकेक करून बघा, फिर्यादी कोण, भांडण कशावरून, ओळखीतलं होतं का, सार्वजनिक जागी झालं का. 'धोकादायक व्यक्ती' म्हणायला तो ठराविक प्रकारचे गुन्हे सवयीने करणारा असावा लागतो, आणि सवय म्हणजे सलग, पुन्हा पुन्हा, एखाददुसरा प्रसंग नाही, हे १९८४ च्या विजय नारायण सिंग निकालात आहे. जुने, ज्यात निर्दोष सुटलाय असे गुन्हे मोजून आकडा फुगवलेला असतो का तेही बघा.

जामिनाबद्दल थोडक्यात. चारही जामीन ऑर्डर सीपींसमोर होत्या का, भावाला त्यांच्या कॉप्या दिल्या का, आणि जामीन रद्द करायला पोलिसांनी कधी अर्ज केला का? जामिनावर सुटलेला माणूस त्रास देत असेल तर त्याचा जामीन रद्द करायचा रस्ता आहे, तो सोडून एकदम डिटेन्शनकडे वळणं सुप्रीम कोर्टाला अलीकडे अजिबात रुचत नाही, तेलंगणाच्या २०२१ पासूनच्या निकालांत हे सतत आलंय. कोर्टाने घातलेल्या जामिनाच्या अटी पुरेशा का नाहीत याचा विचार ऑर्डरमध्ये दिसत नसेल तर तो चांगला मुद्दा आहे.

उशिराचंही बघा. शेवटचं कृत्य आणि ऑर्डर यात किती दिवस गेले? पातुरकर प्रकरणात, तेही एमपीडीएचंच, पाच महिने आठ दिवसांचा उशीर सरकारला समजावून सांगता आला नाही म्हणून ऑर्डर गेली. याला ठरलेली मुदत अशी नाही, तीन महिन्यांचा उशीरही घातक ठरू शकतो आणि सहा महिन्यांचाही पटवून देता येतो, प्रस्ताव कुठल्या टेबलावर किती दिवस होता हे सरकारला सांगावं लागतं. तुमच्या केसमध्ये याला आणखी एक बाजू आहे, कृत्य जुनं आणि तक्रार ताजी असेल तर उशीर आणि सूड दोन्ही एकाच तारखेतून दिसतात.

कोणी राजकीय पुढारी किंवा वरचा अधिकारी मध्ये पडल्याचा तुम्हाला संशय असेल, तर मुंबईचंच गोर्धनदास भानजी प्रकरण आहे, १९५१ च्या अखेरचा निकाल. आयुक्तांनी अंधेरीतल्या सिनेमागृहाची परवानगी आधी दिली आणि मग सरकारच्या सांगण्यावरून काढून घेतली, सुप्रीम कोर्ट म्हणालं अधिकार आयुक्तांचा आहे तर निर्णयही त्यांचाच पाहिजे. त्याच निकालात असंही आहे की ऑर्डर काय आहे ते तिच्या शब्दांवरून ठरतं, नंतर ऍफिडेव्हिटमध्ये कारणं भरून ती सजवता येत नाही. हे दुसरं वाक्य तुम्हाला जास्त उपयोगी पडेल, कारण रिट दाखल झाल्यावर सरकारच्या उत्तरात हमखास नवीन गोष्टी येतात ज्या ग्राउंड्समध्ये नव्हत्याच.

आता मुदती, कारण तुमचा दुसरा प्रश्न थांबायचं का हा आहे. एमपीडीएत ग्राउंड्स पाच दिवसांत मिळायला हवेत, सीपींची ऑर्डर राज्य सरकारने बारा दिवसांत मंजूर केली नाही तर ती संपते, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे जायला हवं आणि मंडळाने स्थानबद्धतेपासून सात आठवड्यांत अहवाल द्यायला हवा, आणि जास्तीत जास्त मुदत बारा महिने. ग्राउंड्स भावाला समजणाऱ्या भाषेत हवेत, नुसतं तोंडी समजावून चालत नाही हे १९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालापासून पक्कं आहे. गुन्ह्यांच्या कागदांत इंग्रजी मेडिकल रिपोर्ट किंवा इंग्रजी जामीन ऑर्डर भाषांतराशिवाय लावलेली असेल आणि भावाला इंग्रजी येत नसेल तर ते पान नंबरसह लिहून ठेवा, पुसट झेरॉक्सचंही तसंच.

निवेदन, म्हणजे ऑर्डरविरुद्धचं लेखी म्हणणं, अजून दिलं नसेल तर आजच द्या. राज्य सरकारला, सल्लागार मंडळाला आणि, बारा दिवस व्हायचे असतील किंवा मंजुरी आली नसेल तर, सीपींनाही. सीपींकडे निवेदन करायचा हक्क आहे हे ऑर्डरसोबत सांगावं लागतं, न सांगितल्यास स्थानबद्धता बेकायदा, असं २००० साली सुप्रीम कोर्टाने एमपीडीएबद्दलच ठरवलंय. आता सगळीकडे ती ओळ छापूनच येते, तरी बघून घ्या. निवेदन जेल अधीक्षकांमार्फत द्या, एक प्रत गृह विभागाला ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि त्यात पीआयविरुद्धच्या तक्रारीची प्रत जोडाच, म्हणजे सरकारला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची जागा राहत नाही. निवेदन सरकारने लवकर आणि स्वतःच्या विचाराने निकाली काढायचं असतं, सल्लागार मंडळ काय म्हणतं याची वाट बघत बसायचं नसतं. १९९९ च्या राजम्मल निकालात मंत्री दौऱ्यावर होते म्हणून फाईल काही दिवस पडून राहिली, तेवढ्या उशिराने ऑर्डर रद्द झाली. हा हक्क किती खरा आहे ते यावरून कळेल, म्हणून निवेदनाला निव्वळ औपचारिकता समजू नका. मात्र ते द्यायला उगाच महिना घालवू नका.

सल्लागार मंडळाबद्दल तुम्हाला शंका वाटते ती मी समजू शकतो. मंडळात अध्यक्ष आणि दोन सदस्य असतात, हायकोर्टाचे आजी-माजी न्यायाधीश किंवा तशी पात्रता असलेले. तिथे वकील चालत नाही, पण १९८१ च्या डिसेंबरमधल्या ए. के. रॉय निकालात दोन गोष्टी मिळाल्या, सरकारतर्फे वकील किंवा कायद्याची बाजू सांभाळणारा अधिकारी मंडळापुढे बोलला तर स्थानबद्धालाही वकील मिळाला पाहिजे, आणि वकील नसलेला एखादा मित्र सोबत घेता येतो. ती मागणी आधी लेखी करावी लागते. भावाला विचारा की मंडळापुढे पोलीस अधिकारी हजर होता का, भाऊ खोलीबाहेर असताना कोणी आत गेलं होतं का, किती वेळ ऐकलं. तो पीआयच मंडळाला फाईल समजावून सांगत बसला असेल आणि भावाला मित्रही मिळाला नसेल तर निष्पक्षपणाचा मुद्दा तिथे नव्याने उभा राहतो, आणि तिथे तो जोरदार असतो. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेलंगणाच्या एका प्रकरणात मंडळांना बजावलंय की नुसता शिक्का मारू नका, ही ऑर्डर कोर्टात टिकेल का याचा विचार करा. त्यामुळे मंडळापुढे भावाने बोलावं, थोडकं आणि तारखांसह, पीआयला शिव्या न देता. तो पान हातात घेऊन वाचू शकत असेल तर तक्ताच वाचू द्या.

पण रिटसाठी मंडळाची वाट बघायची गरज नाही. हायकोर्टात कलम २२६ खाली क्रिमिनल रिट आधीही करता येते, आई, बायको, बहीण कोणीही करू शकतं, तुम्ही स्वतः याचिकाकर्त्या होऊ शकता. ऑर्डर कुठल्या शहराची आहे त्यावर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर की कोल्हापूर हे ठरेल. माझा सल्ला असा की निवेदन लगेच, त्यानंतर आठ-दहा दिवसांत रिट, आणि मंडळाचा अहवाल, सरकारची कायम करण्याची ऑर्डर, निवेदनावरचा उशीर हे पुढे जसं येईल तसं दुरुस्ती करून रिटमध्ये घालायचं. बारा महिन्यांची स्थानबद्धता असते आणि रिट बोर्डावर येऊन अंतिम सुनावणीला लागेपर्यंत त्यातले कित्येक महिने उडून जातात, आत गेलेले महिने नंतर कोणी परत देत नाही, मला या कामातली सगळ्यात टोचणारी गोष्ट हीच वाटते. म्हणून तुमच्या वकिलांना दर तारखेला सर्क्युलेशन, म्हणजे प्रकरण लवकर बोर्डावर घ्यायची परवानगी, मागायला सांगा, संकोच करू नका.

मुद्दे मांडायचा क्रम मी असा ठेवेन: आधी लपवलेली तक्रार, मग साचेबद्ध जबाब, मग सार्वजनिक सुव्यवस्था आणि जामीन, मग निवेदनातला उशीर, आणि पीआयचा दुष्ट हेतू सगळ्यात शेवटी, पण तारखांच्या तक्त्यासह. बरेच वकील तो सगळ्यात आधी घेतात, मला ते पटत नाही, कोर्टाने आधी फाईलीतले दोष पाहिलेले असले की शेवटी हेतूबद्दल बोलताना ऐकणाऱ्याचा कान वेगळा असतो. एमपीडीएत कलम ५-अ आहे, एक ग्राउंड पडलं तरी दुसऱ्यावर ऑर्डर टिकते, सरकार ते दाखवेल. त्याला उत्तर हेच की लपवलेल्या तक्रारीमुळे एखादं ग्राउंड नाही तर सगळं समाधानच बिघडलं.

ऑर्डर रद्द झाली की निकालाची प्रमाणित प्रत लगेच काढून घरी आणि भावाकडे ठेवा. छगन भगवान कहार या १९८९ च्या निकालाप्रमाणे कोर्टाने रद्द केलेल्या ऑर्डरची ग्राउंड्स नवीन ऑर्डरमध्ये, नवीन गोष्टींच्या जोडीलाही, वापरता येत नाहीत, आणि त्याच ठाण्यातून पुन्हा प्रस्ताव निघाला तर पहिल्या दिवशी हीच प्रत लागेल.

ऑर्डरची तारीख, शेवटच्या गुन्ह्याची तारीख, तक्रारीची तारीख आणि कागदांच्या यादीत तक्रार आहे की नाही, एवढं लिहा, भावाचं किंवा पीआयचं नाव लिहू नका. मग यातला कुठला मुद्दा तुमच्याकडे खरोखर पक्का आहे ते सांगतो.